कुष्ठालयातील कावीळ

कुष्ठरोगाचा जंतू त्वचेत आणि मज्जातंतूंत ठाण मांडतो. ‘हेपॅटायटिस बी’ या काविळीचा विषाणू यकृतात. या दोन व्याधींचा परस्परांशी संबंध काय, असे कोणासही वाटेल. परंतु अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलेला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ फिलिपाइन्समधील सेबू येथील कुष्ठरुग्णांत, विशेषतः ज्यांच्या शरीरात जंतूंची संख्या अफाट असते अशांत, अधिक प्रमाणात आढळला. हा निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाला. हा प्रतिजन म्हणजे काविळीच्या विषाणूचे बाह्य आवरण होय, हे पुढे स्पष्ट झाले. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग या रुग्णांची घडणच दुबळी म्हणावी काय? प्रारंभी तर्क तसाच होता. परंतु निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचे निष्कर्ष पुढे एकसारखे आले नाहीत, आणि रोग्याइतकेच लक्ष त्याच्या निवासाकडेही गेले. हा विषाणू रक्तावाटे पसरतो; त्याला डोळ्यांस न दिसणारा रक्ताचा अंशही पुरतो, आणि शरीराबाहेर तो निदान सात दिवस तग धरतो. कुष्ठालयात तर माणसे वर्षानुवर्षे एकत्र राहत. एके काळी कडूकवठीच्या तेलाची इंजेक्शने त्यांना पुनःपुन्हा घ्यावी लागत. जंतू तपासण्यासाठी कानाच्या पाळीला पात्याने छेद दिला जाई. सुई किंवा पाते नीट न उकळता पुढच्या रुग्णास लावले, की उपचाराच्या हातानेच दुसरा रोग दिला जाई. अशा वेळी दोष रुग्णाच्या रक्ताचा नव्हे, व्यवस्थेचा असतो.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारिलेली बहुविध औषधयोजना पोटात घ्यावयाची असल्याने रुग्ण आता घरी राहूनच बरा होतो. मात्र तीतील रिफाम्पिसिन यकृतास क्वचित अपाय करते. म्हणून काविळीची लक्षणे दिसताच वैद्यास कळविणे अगत्याचे आहे. या काविळीवर प्रतिबंधक लसही आहे. भारतात तिची पहिली मात्रा अर्भकाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत देतात.

दोन व्याधी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. समाजाने ज्याला आधीच दूर लोटले, त्याच्या रक्तावर आणखी एक कलंक लावण्यापूर्वी आपण त्याला टोचलेली सुई तपासावी, हेच न्यायाचे आणि शास्त्राचेही.