तीन दिवस, चार नाटके : निवड कशी करावी?

माळव्यातील मराठी माणसाला नाटकाची आवड वारशाने मिळते, पण नाटक पाहण्याची संधी प्रवास करूनच मिळवावी लागते. धार आणि देवास येथील आपल्या मंडळींपैकी काही जण अधूनमधून दवाखान्याची सोय लावून खास नाटकांसाठी पुण्याला किंवा मुंबईला जातात. इंदूरहून रात्रीची गाडी, शुक्रवारी सकाळी मुक्कामी आणि रविवारी रात्री परतीचा प्रवास, असा बहुधा बेत असतो. यातून झोप, नातेवाइकांच्या भेटी आणि गृहमंत्रालयाची खरेदी वजा केली, की चार प्रयोगांपुरता वेळ हाती उरतो. या चार जागा कशा भराव्यात, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. बालरोगतज्ज्ञाला तो का विचारावा, हे कोडे सुटलेले नाही; तरी स्मरणिकेच्या निमित्ताने माझे उत्तर येथे मांडतो.

माझा पहिला निकष असा, की जे नाटक आपल्या दारी येणार आहे, त्यासाठी प्रवासातील मोलाची संध्याकाळ खर्च करू नये. इंदूरचा सानंद न्यास गेली अनेक वर्षे पुण्या-मुंबईची गाजलेली नाटके माळव्यात आणत आहे. मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत आणि बहार असे त्याच्या सभासद-प्रेक्षकांचे पाच गट आहेत. प्रत्येक गटासाठी एक, असे एकाच नाटकाचे पाच प्रयोग होतात. या रचनेतच तिचे अर्थशास्त्र दडलेले आहे. नेपथ्याचे सामान आणि पंधरा-वीस माणसे घेऊन जवळजवळ सहाशे किलोमीटर यायचे, तर एका प्रयोगाच्या उत्पन्नात ते भागत नाही. पाच प्रयोगांची हमी असेल तर भागते. साहजिकच मोठ्या सभागृहाचे पाच प्रयोग भरू शकतील अशीच नाटके, म्हणजे परिचित नट-नट्यांची, दोन अंकांची आणि सर्व वयांच्या प्रेक्षकांना चालतील अशी, आपल्यापर्यंत पोहोचतात. त्यांत उत्तम नाटकेही असतात. ‘चारचौघी’ १९९१ साली रंगभूमीवर आले आणि २०२२ साली नव्या संचात पुन्हा उभे राहिले. असे नाटक कुठेही पाहावे. मात्र दूरचित्रवाणीवरचा चेहरा प्रत्यक्ष दिसतो एवढ्याच कारणाने तिकीट काढावयाचे असेल, तर ते इंदूरला निघावे. देवासहून तास-सव्वा तासात आणि धारहून थोड्या अधिक वेळात तेथे पोहोचता येते.

मग प्रवासात पाहावे काय? जे प्रवास करू शकत नाही, ते. दीडशे-दोनशे खुर्च्यांच्या लहान रंगमंचासाठी बसवलेले नाटक मोठ्या सभागृहात अर्धे मरते. नटाचा श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावरून ते पाहावयाचे असते. पुण्यात शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच आणि मुंबईत जुहूचे पृथ्वी थिएटर ही अशा अनुभवाची ठिकाणे. पृथ्वीवर हिंदी नाटके पुष्कळ होतात. आपण माळव्याची माणसे, आपल्याला ती कशी परकी वाटावीत? दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने जे चालवले, त्याचीच ही पुढची नाती म्हणता येतील. आजच्या व्यावसायिक रंगभूमीवर मान्यता पावलेले कितीतरी लेखक-दिग्दर्शक अशाच लहान जागांतून पुढे आले. म्हणून चारांपैकी एक जागा अपरिचित नावाच्या प्रायोगिक नाटकासाठी राखावी, असा माझा आग्रह असतो. ते फसले तर दीड-दोन तास गेले. जमले तर वर्षभर पुरते.

येथे एक व्यावसायिक अभिमान नोंदवण्याचा मोह आवरत नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, हे सर्वांना ठाऊक असते. पण डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ज्याचा पहिला प्रयोग झाला, ते ‘घाशीराम कोतवाल’ बसवणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आहेत, हे आपल्यातील कित्येकांना सांगावे लागते. असो.

पुणे की मुंबई, हे आधी ठरवावे. तीन दिवसांत दोन्ही उरकणाऱ्यांना नाटकापेक्षा द्रुतगती मार्गच अधिक आठवतो. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर, भरत, टिळक स्मारक आणि सुदर्शन ही ठिकाणे रिक्षाने थोड्या वेळात गाठता येतात. वृद्ध बरोबर असतील तर पुणेच निवडावे. मुंबईत दादरचे शिवाजी मंदिर, माटुंग्याचे यशवंत आणि प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर हा एक पट्टा झाला. नरिमन पॉइंटचे एनसीपीए आणि जुहूचे पृथ्वी मात्र शहराच्या दोन टोकांना आहेत. एकाच दिवशी दोन्ही करू नयेत.

जाहिरात वाचण्याचीही एक रीत आहे. नटाचे छायाचित्र मोठे असते आणि लेखक-दिग्दर्शकांची नावे बारीक अक्षरांत. आपण ती बारीक अक्षरे आधी वाचावीत. गाजलेले जुने नाटक असेल, तर सध्याचा संच कोणता, हे पाहावे. व्यावसायिक प्रयोगांची गर्दी शनिवार-रविवारी असते, म्हणून शुक्रवार लहान रंगमंचाला द्यावा. आणि केवळ एका नाटकाच्या भरवशावर घरून निघू नये. एकदा ज्या नाटकासाठी आम्ही गेलो होतो, त्याचा प्रयोग मुख्य नटाच्या चित्रीकरणामुळे आयत्या वेळी रद्द झाला. त्याच संध्याकाळचे दुसरे नाटक आम्ही आधीच हेरून ठेवले होते, म्हणून आठ माणसांची संध्याकाळ वाचली.

आता मुलांविषयी, कारण या विषयात मला काही अधिकार आहे. चार वर्षांखालील मुलाला नाट्यगृहात नेऊ नये. गडद अंधार, अचानक येणारा मोठा आवाज आणि दोन तास एका जागी बसण्याची सक्ती, या तिन्ही गोष्टी त्या वयाला मानवत नाहीत. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण सात वर्षांच्या मुलाला हसवते, चार वर्षांचे मूल तिच्यामुळे रात्री दचकून उठू शकते. पाच-सहा वर्षांचे मूल बरोबर असेल, तर पहिली रांग टाळून मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची घ्यावी, म्हणजे गरज पडल्यास बाहेर पडता येते. नेण्यापूर्वी कथा सांगून ठेवावी. गोष्ट ठाऊक असली की भीती कमी होते आणि आनंद कमी होत नाही.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. ती शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात आणि मराठी फक्त घरात ऐकतात. स्वयंपाकघरातले मराठी त्यांना समजते, संगीत नाटकातले समजत नाही. आजोबांच्या हौसेखातर एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला तीन तासांच्या पौराणिक नाटकाला बसवले, की पुढच्या सहलीला ते येत नाही. आणि घराबाहेर मराठी ऐकण्याच्या त्याच्या मोजक्या संधींपैकी एक कायमची जाते. त्यांच्यासाठी बोलभाषेतले नाटक शोधावे. डॉ. आगाशे यांनी १९८६ पासून पुण्यात रुजवलेली ‘ग्रिप्स’ पद्धतीची नाटके या दृष्टीने फार उपयोगाची. त्यांत राजा-राक्षस नसतात; घर, शाळा, आईबाबांची भांडणे असतात आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. असा प्रयोग त्या दिवसांत लागलेला असेल, तर मोठ्यांनी आपले एक नाटक सोडून मुलांबरोबर बसावे.

आजोबांना त्या वेळी दुसरीकडे बसवावे. गट फुटला तर बिघडत नाही. कुमार गंधर्वांच्या देवासमध्ये कान तयार झालेल्या ज्येष्ठांना भरतमध्ये एखादे संगीत नाटक मिळाले, तर तो त्यांचा हक्क समजावा, मग नेपथ्य जुनाट का असेना. त्यांच्यासाठी दुपारचा प्रयोग घ्यावा, रात्रीचा नव्हे. मधुमेहींनी प्रयोगापूर्वी खाऊन घ्यावे, मध्यंतरातील वड्यावर विसंबू नये. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची खुर्ची दाराजवळची असावी, कारण दहा-पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात स्वच्छतागृहापुढची रांग संपत नाही. बाल्कनीचे तिकीट स्वस्त असते, पण तिकीट काढण्यापूर्वी जिन्याच्या पायऱ्या किती, हे विचारून घ्यावे.