मायनरमध्ये मूळ काय?

मॉरिस मायनरला पाच गिअरचा गिअरबॉक्स, डिस्क ब्रेक आणि नळीचे शॉकअब्सॉर्बर बसवून देणे हा ब्रिटनमध्ये जुना, रुळलेला धंदा आहे. कट्टर शौकीन त्यावर नाके मुरडतात. मूळपण गेले की गाडीच गेली, हा त्यांचा युक्तिवाद.

मायनरच्या बाबतीत तो अर्धाच टिकतो. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी या गाडीसाठी आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचे इंजिन योजले होते. ते बारगळले आणि 1948 मध्ये अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात गाडी आली ती जुन्या मॉरिस एटचे 918 सीसी इंजिन घेऊन. त्याआधी नमुना अरुंद वाटला म्हणून इसिगोनिस यांनी तो मधोमध उभा कापून चार इंच रुंद करवला. बॉनेटच्या मधला सपाट पट्टा ही त्या कापाकापीची खूण. पुढे 803, 948 आणि 1098 सीसीची ए-सीरिज इंजिने कंपनीनेच बसवली. म्हणजे इंजिन सुरुवातीपासून उसनेच. इसिगोनिस यांची खरी कमाई पुढच्या चाकांत आहे: टॉर्शन बार आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग.

सुधारणेची खरी कसोटीही तिथेच लागते. मायनरच्या पुढच्या लिव्हर-आर्म शॉकअब्सॉर्बरचा दांडा हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा असतो. तो काढून नळीचा शॉकअब्सॉर्बर लावायचा तर चाकाला धरणारा नवा दांडा द्यावाच लागतो. खालचा सांधा म्हणजे ट्रनियन; तो आट्यांवर फिरतो. त्याला ग्रीस मिळाले नाही तर आटे झिजतात आणि चाक गाडीखाली दुमडते. म्हणून ताकद वाढवण्याआधी ट्रनियन तपासणे आणि ब्रेक बदलणे हाच शहाणपणाचा क्रम. मॉरिस मरिनाचे डिस्क ब्रेक यासाठी सोयीचे, कारण मरिनाचे पुढचे सस्पेन्शन मायनरच्याच वंशातले.

इंजिनाचे काम तुलनेने सोपे. एमजी मिजेटचे 1275 सीसी इंजिन त्याच ए-सीरिज घराण्यातले असल्याने फारशी तोडफोड न करता बसते. फोर्ड सिएरातील टाइप 9 गिअरबॉक्ससाठी मात्र वेगळे बेल-हाउसिंग लागते आणि प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते. मागे नुसते पाटे असल्यामुळे जोर वाढला की अ‍ॅक्सल पिळवटून थडथडतो. त्याला आवरायला जादा दांडे लावतात.

या सगळ्याला तत्त्वज्ञान दिले ते चार्ल्स वेअर यांनी. इमारतींच्या व्यवसायात हात पोळल्यावर त्यांनी 1970 च्या दशकात बाथ शहरात मायनरची कार्यशाळा उघडली आणि 1982 मध्ये ‘ड्युरेबल कार ओनरशिप’ हे पुस्तक लिहिले. नव्या गाडीची किंमत दरवर्षी घसरते. तोच पैसा जुन्या गाडीत टप्प्याटप्प्याने घातला तर ती टिकतेही आणि रोज वापरताही येते, हा त्यांचा हिशेब. मायनरचे सुटे भाग बनवण्यासाठी त्यांनी पुढे श्रीलंकेत कारखानाही उभा केला. शौकिनांना वेअर व्यापारी वाटत. ते होतेच, पण हिशेब खरा होता.

बदलाचे मोजमाप करायला ब्रिटनच्या नोंदणी खात्याने वर्षानुवर्षे गुणांची पद्धत वापरली. सांगाड्याला 5 गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स-संच आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2. इंजिनाला अवघा 1. जुना क्रमांक राखायला 14 पैकी 8 गुण पुरत. वरचे सगळे बदल केलेली मायनर त्यात सहज बसे. पण गिअरबॉक्ससाठी सांगाडा कापला की ते 5 गुण धोक्यात येत. ही पद्धत एखाद्या कारकुनाने नव्हे, मिस्त्रीने लिहिल्यासारखी होती.

भारतात नेमके उलटे. मायनर इथे ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने धावली आणि वाचलेल्या गाड्या आता पन्नाशी ओलांडून गेल्या. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 20,000 रुपये शुल्कात ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, मात्र सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. सांगाडा आणि बॉडीची अट रास्त आहे. इंजिनाची अट मायनरपुरती तरी चुकीच्या भागाला मूळपणाचा मान देते. तरीही नियम तोच असल्याने, 1275 सीसीचे इंजिन बसवण्याआधी मालकाने ‘व्हीए’ क्रमांक हवा की नको हे ठरवून घ्यावे.