बंगला बांधताना मालकाचं काम काय?



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, प्लॉट घेतलाय, आर्किटेक्ट नामांकित आहे, कॉन्ट्रॅक्टर ओळखीतला आहे, पैशांची सोय झाली आहे. आता मी नेमकं काय करायचं?" मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी यावरच बोलू. तर आजचा विषय तो आहे. आर्किटेक्टचं काम काय, कॉन्ट्रॅक्टरचं काय, हे सगळ्यांना साधारण माहीत असतं. मालकाचं काम काय, हे कोणी सांगत नाही. बहुतेकांना वाटतं, चेक फाडायचे आणि टाइल्स निवडायच्या.

तयार फ्लॅट घेताना तसं थोडंफार चालून जातं. त्याच नकाशाचे शंभर फ्लॅट आधी बांधून झालेले असतात, सॅम्पल फ्लॅट बघता येतो. खास आपल्यासाठी बांधलेलं घर हा मात्र पहिलाच नग असतो आणि शेवटचाही. त्याची चाचणी आधी कुठेच झालेली नसते. ती तुमच्यावरच होणार असते, आणि तीही आयुष्यभराची पुंजी घालून. म्हणून मालकाला काही गोष्टी स्वतः कराव्याच लागतात. त्या कोणत्या, हे समजून घ्यायला मी आज एका जगप्रसिद्ध बंगल्याची गोष्ट घेणार आहे. या घराबद्दल बोलताना सगळे आर्किटेक्टचं कौतुक करतात. आपण मालकाकडे बघू.

हा बंगला म्हणजे अमेरिकेतलं 'फॉलिंगवॉटर'. मालक एडगर कॉफमन, पिट्सबर्ग शहरातल्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक. शहरापासून शंभर-एक किलोमीटरवर रानात त्यांची जागा होती, तिच्यातून बेअर रन नावाचा ओढा वाहत होता आणि त्याला एक छान धबधबा होता. सुट्टीसाठी तिथे पक्कं घर बांधायचं ठरलं. आर्किटेक्ट होते फ्रँक लॉइड राइट. डिसेंबर १९३४ मध्ये राइट जागा बघून गेले. तेव्हा त्यांचं वय होतं ६७.

जागा बघितल्यावर राइट यांनी मालकाकडे पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे जागेचा तपशीलवार नकाशा. चढउतार, मोठमोठे दगड, झाडं, सगळं त्यात दाखवलेलं हवं. कॉफमन यांनी तो सर्व्हेअरकडून करवून घेतला. पुढचं सगळं डिझाइन त्या नकाशावर उभं राहिलं.

आता आपल्याकडे बघा. सरकारी मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले, की आपण म्हणतो नकाशा झाला. पण मोजणी तुम्हाला हद्द सांगते, जमीन कशी आहे ते सांगत नाही. कुठला कोपरा तीन फूट खाली आहे? वरच्या शेतातलं पाणी कुठून शिरतं? आंब्याचं झाड नेमकं कुठे आहे आणि त्याचा घेर किती? हे कागदावर नसेल, तर आर्किटेक्ट सपाट कागदावर घर काढणार आणि मग जेसीबी आणून जमीन त्या कागदासारखी करणार.

नकाशाइतकीच महत्त्वाची मातीची तपासणी. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात पडलेल्या भेगा तुम्ही बघितल्या असतील. तशा मातीवर उथळ पाया टेकवला, की दरवर्षी घर थोडं उचललं जातं, थोडं खचतं आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. म्हणून खाली मुरूम किती फुटांवर लागतो, खडक किती फुटांवर, हे आधी कळायला हवं. शेजाऱ्याचा पाया पाच फुटांवर लागला म्हणून आपलाही लागेल, असं धरून चालू नका. या तपासणीचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने अगदी किरकोळ असतो.

आणि एक काम तर फुकटात होतं. भर पावसात, जुलैमध्ये, प्लॉटवर जाऊन तासभर उभे राहा. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, झड कुठल्या बाजूने येते ते बघा. प्लॉट सगळे जण जानेवारीत बघतात, कारण तेव्हा हवा छान असते.

आपण कसे राहतो, ते सांगणं

आता मालकाचं दुसरं काम. कॉफमन कुटुंबाची अपेक्षा होती की घर धबधब्यासमोर असेल, खिडकीतून धबधबा दिसेल. राइट यांनी घर धबधब्याच्या वरच बसवलं. घरात बसलं की धबधबा ऐकू येतो, दिसत नाही! सप्टेंबर १९३५ मध्ये कॉफमन रेखाटनं बघायला निघाले, तेव्हा ती तयारच नव्हती. ते वाटेत असताना राइट यांनी दोन-तीन तासांत सगळं कागदावर उतरवलं, असं त्यांचे शिष्य सांगत. ही गोष्ट ऐकून लोकांना वाटतं, काय प्रतिभा! प्रतिभा आहेच. पण सहा महिने त्यांच्या हातात तो नकाशा होता, हे विसरू नका.

अजून एक बारकावा आहे. धबधब्याच्या माथ्यावर एक मोठा खडक होता, तिथे हे कुटुंब बसायचं, ऊन खायचं. राइट यांनी तो खडक फोडला नाही. दिवाणखान्यातली शेकोटी त्याच खडकावर बांधली. म्हणजे घराचं केंद्र कुठे, तर ही माणसं आधीपासून जिथे बसत होती तिथे.

याचा आपल्यासाठी अर्थ असा की आर्किटेक्टला खोल्यांची यादी देऊन भागत नाही. "चार बेडरूम, एक होम थिएटर, डबल हाइटचा हॉल" ही बाजारातली यादी झाली. त्याला तुमचा दिवस सांगा. सकाळी पहिलं कोण उठतं? चहा कुठे होतो? गौरी-गणपतीला किती माणसं जेवतात आणि पंगत कुठे बसते? भांडी घासायला मावशी येतात, त्या कुठल्या दाराने येतात, वाळवण कुठे पडतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज तुम्ही ५० वर्षांचे असाल, तर पंचवीस वर्षांनी जिना चढणार आहात का? तळमजल्यावर एक झोपायची खोली, तिला लागून बाथरूम, दार व्हीलचेअर जाईल इतकं रुंद. नकाशावर याला काही पडत नाही. नंतर करायला गेलं की भिंती फोडाव्या लागतात.

माझ्या पाहण्यातल्या एका घरात वरचा स्लॅब पडल्यावर बाथरूमची जागा बदलली. बाथरूमच्या जागी स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो, पाइप त्यात बसतात. नव्या जागी तो खाली घेतलेला नव्हता. मग काय, बाथरूमची जमीन सहा इंच वर उचलली आणि दारात एक पायरी आली. घरातल्या आजी रात्री त्याच पायरीवर पडल्या. खुबा मोडला. बंगला देखणा आहे, फोटोत पायरी दिसतही नाही. पेन्सिलची रेघ खोडायला रबर पुरतं, हे मी त्यानंतर प्रत्येकाला सांगतो. सगळं कागदावर ठरल्याशिवाय, नळ-विजेच्या जागांसकट, खोदाई सुरू करू नका.

खर्चाचा हिशेब

फॉलिंगवॉटरचा एकूण खर्च झाला १,५५,००० डॉलर. सुरुवातीला बोलणं झालं होतं ते याच्या चौथाईच्याही आतलं. पण या आकड्याची फोड बघण्यासारखी आहे. मूळ घर ७५,०००. आतली सजावट आणि फर्निचर २२,०००. नंतर बांधलेलं पाहुण्यांचं घर, गॅरेज, नोकरांच्या खोल्या मिळून ५०,०००. आर्किटेक्टची फी ८,०००. म्हणजे मूळ घराचा वाटा निम्म्याहूनही कमी!

आपण मात्र विचारतो, "चौरस फुटाला काय रेट पडेल?" आणि त्याला क्षेत्रफळाने गुणून मोकळे होतो. त्या रेटमध्ये कंपाउंडची भिंत, गेट, बोअर, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, ट्रान्सफॉर्मरपासूनची केबल, फर्निचर, पडदे, बाग यांतलं काय आहे आणि काय नाही, हे लिहून घेतलेलं नसतं. भांडणं होतात ती तिथे. कराराला जोडून प्रत्येक कामाचं माप, दर आणि मालाचा प्रकार हवा. "चांगल्या प्रतीचा" हा शब्द करारात दिसला की तो खोडा. चांगलं म्हणजे कुठलं, ते लिहा.

झाकलं जाणारं काम

आता मुख्य मुद्द्यावर येतो. फॉलिंगवॉटरच्या गच्च्या ओढ्यावर अधांतरी पुढे आल्या आहेत. एका टोकाला आधार, दुसरं टोक मोकळं. याला आपण कॅन्टिलिव्हर म्हणतो. आपली बाल्कनी तशीच असते. कॉफमन यांच्या मनात शंका होती. त्यांनी पिट्सबर्गच्या इंजिनिअरांना नकाशे दाखवले. इंजिनिअरांना खाली आधार देणाऱ्या बीममधलं लोखंड कमी वाटलं. राइट भयंकर चिडले, माझे नकाशे परत पाठवा म्हणाले. तरी मुख्य मजल्याच्या बीममध्ये, राइट यांना न सांगता, जवळजवळ दुप्पट सळ्या पडल्या.

पुढे काय झालं? सेंटरिंग काढल्यावर गच्ची लगेच पावणेदोन इंच खाली आली. पुढची साठ वर्षं ती हळूहळू वाकतच राहिली. पंधरा फुटांच्या लांबीला सुमारे सात इंच इतका झोल गेला. १९९७ मध्ये खाली लोखंडी टेकू द्यावे लागले आणि २००२ मध्ये बीमच्या बाजूने पोलादी केबल टाकून, त्या ताणून घर सावरलं. म्हणजे दुप्पट सळ्याही पुरल्या नव्हत्या. मूळच्या सळ्यांवर काय झालं असतं, याची कल्पना करा.

यातून "आर्किटेक्टवर विश्वास ठेवू नका" असा निष्कर्ष काढू नका. तसं असतं तर ते घर झालंच नसतं. मी म्हणतो, मालकाने शंका विचारली ते बरोबर केलं, पण लपूनछपून केलं ते चुकलं. नेमणुकीच्या वेळीच सांगा, आर.सी.सी. डिझाइन दुसरा इंजिनिअर तपासेल. चांगला कन्सल्टंट याला हरकत घेत नाही.

आणि साइटवर काय बघायचं? जे उद्या झाकलं जाणार आहे ते. एकच उदाहरण देतो, बाल्कनीचं. साध्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खालच्या बाजूला असतात. बाल्कनीत ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वर हव्यात. काँक्रीट ओतताना कामगार त्याच सळ्यांवरून घमेली घेऊन चालतात आणि त्या खाली दाबल्या जातात. वरून बाल्कनी सुबक दिसते, आत लोखंड चुकीच्या जागी! म्हणून सळ्यांखाली खुर्च्या आहेत का, चालायला फळ्या टाकल्या आहेत का, हे ओतायच्या आधी बघा, फोटो काढून ठेवा.

टेकू काढायची घाई करू देऊ नका. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस ठेवायचे. सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्यापुढे २१ दिवस. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर इंजिनिअरला विचारून त्याहून जास्त. बाल्कनीचे टेकू मोकळ्या टोकाकडून आत काढत यायचे.

शेवटची गोष्ट, पाणी. फॉलिंगवॉटर गळायचं. कॉफमन त्याला गमतीने सात बादल्यांचं घर म्हणत, असं सांगतात. आपल्याकडे चार महिने पाऊस. गच्चीवर कोबा झाला, की वरची फरशी बसवण्याआधी पाणी साठवून किमान दोन दिवस ठेवा आणि खालून छत बघा. बाथरूमचंही तसंच. इटालियन मार्बल घातल्यावर गळती सापडली, तर आधी मार्बल फुटतो आणि मग गळती निघते.

एक प्रश्न

प्रश्न आला आहे: "एवढं सगळं आम्ही बघत बसलो तर कॉन्ट्रॅक्टर वैतागणार नाही का?"

वैतागेल, जर तुम्ही रोज जाऊन गवंड्याला परस्पर सूचना दिल्यात तर. तसं करू नका. साइटवर एक वही ठेवा. काय विचारलं, काय ठरलं, तारीख, सही. सूचना आर्किटेक्टमार्फतच द्यायची. आणि प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी तुम्ही, इंजिनिअर आणि कॉन्ट्रॅक्टर, तिघांनी मिळून सळ्या बघायच्या. हे कामाच्या आधी ठरलं असेल तर कोणाला राग येत नाही.

कॉफमन यांनी घर झाल्यावरही गच्च्यांची पातळी वेळोवेळी मोजून घेतली, अगदी शेवटपर्यंत. त्यांच्यानंतर १९६३ मध्ये मुलाने ते घर एका संवर्धन संस्थेकडे सोपवलं, आणि आज ते जागतिक वारसा यादीत आहे.

ज्यांचं काम पुढच्या वर्षी सुरू होणार आहे त्यांनी या पावसाळ्यात प्लॉटवर तेवढी एक चक्कर माराच. पुढच्या वेळी आपण कराराचा नमुना घेऊन बसू, त्यातली कलमं एकेक करून बघू.