हात काळे, मन मोकळे

१९८२ सालच्या जानेवारीत मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आमचे वडील त्या अडीच लाखांपैकी एक. साचेखात्यात ते फिटर होते. पुढे गिरणी सुरू झाली, पण त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. त्यांनी आपले पाने, पकडी, हातोडी पत्र्याच्या पेटीत भरून पेटी खाटेखाली सरकवली आणि चाळीच्या दारात बसू लागले. आई म्हणायची, "ह्यांच्या तोंडाला कुलूप लागलंय."

काही वर्षे अशीच गेली. मी शाळेत असताना एका रविवारी सकाळी दूधवाल्याची राजदूत आमच्या दारासमोर बंद पडली. किका मारून तो घामाघूम झाला. शेवटी वडिलांना म्हणाला, "तात्या, जरा बघता का?" वडील उठले. खाटेखालची पेटी बाहेर आली. प्लग काढला, त्यावरचा कार्बन घासला, कार्बोरेटरमधला कचरा काढला. तासाभरात गाडी सुरू झाली. पुढच्या रविवारी आणखी दोन गाड्या आल्या, आणि गाड्यांबरोबर गिरणीतले जुने सोबतीही आले. प्लग घासता घासता वडील एकदा म्हणाले, "गेटवर उभं राहिलं की आतून साच्यांचा आवाज यायचा. तो ऐकवत नव्हता." इतक्या वर्षांत हे आम्हाला त्यांनी कधी सांगितले नव्हते. सोबती काही बोलला नाही. त्याने फक्त पुढचा पाना हातात दिला.

ऑस्ट्रेलियातील एका चळवळीविषयी वाचताना हा प्रसंग मला पुन्हा आठवला.

गोदामातली चळवळ

ऑस्ट्रेलियात घरामागे पत्र्याची शेड असते. पुरुष मंडळी तिथे लाकूडकाम करतात, मोटारसायकल खोलतात. नोकरी संपली, मोठे घर सोडून लहान घरात जावे लागले, की शेडही जाते आणि शेजारही जातो. माणूस एकटा पडतो. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात तेथील गावांनी सर्वांसाठी मिळून एक शेड उभारायला सुरुवात केली. १९९८ साली व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या लहानशा गावात 'मेन्स शेड' या नावाने अशी जागा सुरू झाली. २००७ साली या शेडची देशव्यापी संघटना झाली. आज ऑस्ट्रेलियात अशा हजारांहून अधिक जागा आहेत. आयर्लंडमध्ये २०११ साली आणि ब्रिटनमध्ये २०१३ साली तशाच संघटना स्थापन झाल्या. २०१० साली ऑस्ट्रेलियन सरकारने पुरुषांच्या आरोग्याचे धोरण जाहीर केले, त्यातही या चळवळीची दखल घेतली गेली.

या शेडमध्ये कुठे मुलांची खेळणी बनतात, कुठे जुन्या सायकली आणि मोटारसायकली दुरुस्त होतात. फक्त मोटारसायकलींसाठी चालवलेल्या सामायिक कार्यशाळाही निघाल्या. सिडनीच्या न्यूटाऊन भागात 'रायझिंग सन वर्कशॉप' नावाची अशी जागा सुरू झाली. सभासदाने आपली गाडी आणायची, हत्यारे तिथली वापरायची, अडले तर जाणकाराला विचारायचे. शिवाय तिथेच खाण्यापिण्याची सोय. त्याच शहरातून २०१२ साली मोटारसायकलस्वारांची एक वार्षिक फेरी सुरू झाली. स्वार सुटाबुटात निघतात आणि पुरुषांच्या आजारांसाठी व मानसिक आरोग्यासाठी निधी गोळा करतात. आता ती फेरी अनेक देशांत निघते.

खांद्याला खांदा लावून

यात औषध नाही, डॉक्टरची खोली नाही. मग मनाला बरे वाटते ते कशाने? चळवळीतील लोक एक साधी गोष्ट सांगतात : पुरुष समोरासमोर बसून मनातले बोलत नाही, तो खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतो.

आपणच विचार करून पाहा. घरात नवऱ्याला समोर बसवून "तुम्हाला काय होतंय?" असे विचारले, तर उत्तर येते, "काही नाही." पण डिस्क ब्रेकमधली हवा काढायची असेल, तर दोन माणसे असली की काम सोपे. एकाने ब्रेकची दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने खालचा नट किंचित सैल करायचा, हवा बाहेर पडली की घट्ट करायचा, मग पहिल्याने दांडी सोडायची. असे दहा-पंधरा वेळा. दोघांची नजर नटावर असते, एकमेकांच्या चेहऱ्यावर नसते. अशा वेळी मनातले एखादे वाक्य सहज बाहेर पडते. ऐकणाऱ्यालाही उपदेश करायला सवड नसते. त्याने "हं" म्हटले तरी पुरते.

दुसरी गोष्ट, काम गेलेल्या माणसाला आपला कोणाला उपयोग नाही असे वाटू लागते. बंद गाडी सुरू होते तेव्हा त्याला आपल्या उपयोगाचा पुरावा मिळतो. आणि तिसरी, तो एका रविवारी आला नाही, तर कोणीतरी चौकशीला घरी जाते. शेडच्या सभासदांशी बोलून जे अभ्यास झाले, त्यांतही आपलेपणा वाढला, एकटेपणा कमी झाला, हेच पुन्हा पुन्हा पुढे आले.

ऑस्ट्रेलियातील संघटना शेडमध्येच आरोग्य तपासणीही घडवून आणते. त्या उपक्रमाचे नाव 'स्पॅनर इन द वर्क्स', म्हणजे यंत्रात काहीतरी अडकले आहे का, अशी विचारणा. दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस तिथे रक्तदाब तपासून घेतो.

आपल्याकडे काय?

२०२२ सालच्या सरकारी नोंदीनुसार भारतात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. एक चतुर्थांशाहून अधिक रोजंदारीवर जगणारे होते. सर्व राज्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची, २२,७४६. हे आकडे दूरच्या कोणाचे नाहीत. हे आपल्या वस्तीतले भाऊ, काका, जावई आहेत.

आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही शिकलो, बी.कॉम. झालो, टेबलखुर्चीची नोकरी मिळाली. शिकलो हे योग्यच झाले. पण त्याबरोबर हाताला लागलेल्या ऑईलची आम्हाला लाज वाटू लागली. मला नोकरी लागली तेव्हा मी वडिलांना सांगितले, "आता दारात गाड्या खोलू नका, बरं दिसत नाही." त्यांनी ऐकले. पेटी पुन्हा खाटेखाली गेली, आणि तोंडाला कुलूपही पुन्हा लागले. मी त्यांची प्रतिष्ठा राखली असे मला वाटले होते. खरे तर मी त्यांचे बोलणे बंद केले होते. हे समजायला मला फार वर्षे लागली. तोवर ते राहिले नव्हते.

म्हणून सुचवावेसे वाटते. आपल्या वस्तीतले समाजमंदिर रविवारी सकाळी उघडे असतेच. त्याच्या अंगणात एक ताडपत्री, दोन पानापेट्या आणि चहाची किटली एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. एसटी आगारातून निवृत्त झालेला एखादा मेकॅनिक काका आणि आयटीआयची चार मुले एकत्र आली, तर मुलांना हुन्नर मिळेल आणि काकांना सोबत. मुलींनाही बरोबर घ्यावे. स्कूटी त्याही चालवतात. नियम थोडेच असावेत : दारू नाही, कोणाची थट्टा नाही, कोणाला बोलण्याची सक्ती नाही, हत्यार वापरून झाले की जागेवर.

मात्र पाना-पकड हा सगळ्यावर इलाज नव्हे. झोप उडाली, जेवण तुटले, "मी नसलो तर बरे" अशी भाषा तोंडी आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, डॉक्टरकडे न्यावे. २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येते. मदत मागणे यात कमीपणा काहीच नाही.

माता-भगिनींना एक विनंती. घरातला कर्ता माणूस गप्प झाला असेल, तर त्याला प्रश्न विचारून बेजार करू नका. खाटेखालची पेटी तेवढी बाहेर काढून ठेवा. आमची पेटी अजून माझ्याकडे आहे. येत्या रविवारी मी ती समाजमंदिरात नेऊन ठेवणार आहे.