ख्रिस्तपुराणाचे दोन पाठ आणि शास्त्रवचनाची सोपी मराठी

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. गोव्याच्या साष्टी प्रांतांत राशोल, म्हणजे जुनें रायतूर, येथें इ. स. १६१६ मध्यें तें प्रथम छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. सालढाणा यांनीं मंगळूर येथें १९०७ सालीं जो पाठ छापला तो रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून. त्यानंतर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन-संग्रहांतील देवनागरी पोथी उजेडांत आणिली. या दोन पाठांतील भेद केवळ लिपीचा असता तर त्याविषयीं लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. रोमन पाठांत धर्मविधींचीं व पदांचीं नांवें बहुधा पोर्तुगीज-लॅटिन आहेत, पाद्री, बाप्तिज्म या जातीचीं. देवनागरी पाठांत अशा जागीं पुष्कळदां संस्कृत शब्द येतात. मूळ पाठ कोणता, हा वाद ॲबट यांच्यापासून चालत आला आहे. परंतु त्याच्या पोटीं दुसरा एक प्रश्न आहे व तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. एखादी शिकवण परभाषेंत नेतांना ती सोपी करावी कीं शास्त्राला धरून ठेवावी, आणि या दोन्ही गोष्टी एकाच शब्दानें साधतात काय?

स्टीफन्स यांस या प्रश्नाची जाणीव होती. ग्रंथारंभींच प्रसंग आहे कीं, देवळांत धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मणानें विचारलें, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? त्या मागणीचें उत्तर म्हणजे हा ग्रंथ. पहिल्या भागांत छत्तीस अध्याय, सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा; दुसऱ्या भागांत एकोणसाठ अध्याय, ख्रिस्तचरित्र. छंद ओवीचा. भाषेविषयीं त्यांनीं गद्यांत सांगून ठेविलें आहे तें लक्षांत घेण्याजोगें आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांस उमगत नाहीं, म्हणून पूर्वकवींचे कठीण शब्द टाकून ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द मिसळले, असा त्याचा आशय. म्हणजे सोपेपणा हा त्यांचा उघड सांगितलेला हेतु होता.

मग ज्यानें मराठी कठीण शब्द गाळले त्याच्या ग्रंथांत त्याहून दुर्बोध परके शब्द कां असावेत? आमच्या मतें याचें कारण असें. परका शब्द हें रिकामें भांडें होय. बाप्तिज्म म्हणतांच साष्टींतील कुणब्यास कांहींच आठवत नाहीं. पाद्री सांगेल तोच अर्थ. उलट संस्कृत शब्द भरलेलें भांडें असतें, आणि त्यांतलें जुनें ओतून टाकिल्याशिवाय नवें मावत नाहीं. तथापि हा नियम त्यांनीं सर्वत्र पाळला नाहीं. स्वर्गाला वैकुंठ हाच शब्द त्यांच्या ग्रंथांत वारंवार येतो, आणि वैकुंठ म्हटल्यावर गोव्याच्या श्रोत्यापुढें कोण उभा राहत असेल हें सांगावयास नको. ओवीची गोडी एकीकडे व शिकवणीची काटेकोर शुद्धता दुसरीकडे, अशी त्यांची ओढाताण जागोजाग दिसते.

पाठनिर्णयाचा नेहमींचा नियम असा कीं, नकलाकार अवघडाचें सोपें करतो, सोप्याचें अवघड करीत नाहीं. त्यावरून परके शब्द मूळचे ठरतात व आमचा कलही तिकडेच आहे. परंतु गोव्यांतील ख्रिस्ती नकलाकारास पोर्तुगीज शब्दच ओळखीचा असणार, तेव्हां तोच नियम उलटाही लावतां येतो.

येथें आमचाच एक प्रमाद सांगणें प्राप्त आहे. तरुणपणीं शाळेंतील मुलांसाठीं या पुराणांतील कांहीं ओव्या आम्हीं उतरून घेतल्या आणि परके शब्द भ्रष्ट समजून त्यांच्या जागीं शुद्ध संस्कृत घातले. बाप्तिज्म गेला, जलसंस्कार आला. मूळ पुस्तक परत करून आम्ही मोकळे झालों. पुढें कित्येक वर्षांनीं पाठभेद पाहण्याची वेळ आली तेव्हां आमच्याच वहींत कोणता शब्द ग्रंथकाराचा व कोणता आमचा, हें आम्हांस सांगतां येईना.

स्टीफन्स यांच्यानंतर तीन शतकांनीं हाच प्रश्न पंडिता रमाबाईंपुढें आला. त्या पुराणिकाची कन्या. भागवत त्यांस मुखोद्गत होतें, आणि कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ मध्यें त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली होती. १८८३ मध्यें इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतल्यानंतर गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें असावींत, हें त्यांस रुचलें नाहीं. लॅटिन मला कळत नाहीं व माझ्या देशभगिनींसही कळत नाहीं, क्रूस घालणेंच असेल तर त्यावर संस्कृत शब्द असावेत, अशा अर्थाचें त्यांचें पत्र १९७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहांत आहे. त्याच बाईंनीं उतारवयांत केडगांव येथें बायबलाचें भाषांतर करतांना संस्कृतप्रचुर शब्द वर्ज्य केले. प्रचलित मराठी बायबलांतील शब्द खेड्यांतील बायकांस कळत नाहींत, आणि कळतात तेव्हां हिंदु दर्शनांचा अर्थ बरोबर घेऊन येतात, असा त्यांचा आक्षेप होता. मूळाशीं ताडून पाहतां यावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. दोन वेळच्या त्यांच्या वागण्यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. देशभगिनींस कळलें पाहिजे, ही कसोटी दोन्हीकडे एकच. संस्कृतावर जन्म काढलेल्या माणसास हें कबूल करणें जड जातें, पण ज्यास संस्कृत शब्दाचें वजन ठाऊक तोच तो जाणून बाजूला ठेवूं शकतो.

५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल मुक्तिसदनाच्या छापखान्यांतून १९२४ मध्यें बाहेर पडलें; खिळे जुळविण्यापासूनचें काम तेथील बायकांचेंच. मूळाला घट्ट धरल्यानें त्यांतील वाक्यरचना कोठें कोठें अडखळते, आणि मिशनाबाहेर त्याचा प्रसार फारसा झाला नाहीं. पोथ्या जमविणारे आमचे मित्र छापील पुस्तक म्हणून असल्या प्रतीकडे दुर्लक्ष करतात. जुन्या ख्रिस्ती घराण्यांतून अशी प्रत, किंवा ख्रिस्तपुराणाचीं सुटीं पानें, हातीं आल्यास धर्मविधींचीं नांवें जशीं असतील तशीं, अशुद्ध दिसलीं तरी, अक्षरशः उतरून घ्यावींत. सुधारणा सुचलीच तर ती समासांत, वेगळ्या शाईनें.