श्रद्धेची सनद कोणाच्या हाती?

दुर्गच्या रेल्वे स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन ख्रिस्ती भगिनींना धर्मांतराच्या आरोपावरून झालेली अटक आणि पुढे बिलासपूरच्या न्यायालयातून त्यांना मिळालेला जामीन यांचा सारा तपशील रायपूरकरांना एव्हाना मुखोद्गत झाला असेल. परंतु याच लोहमार्गावर १८९३ साली घडलेल्या एका भेटीचे स्मरण त्या गदारोळात कोणास झाल्याचे दिसले नाही, याचा मला मनस्वी विषाद वाटतो. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावास जात असता डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नामक मिशनऱ्याशी त्यांचा संवाद झाला, त्याने दिलेले बायबल त्यांनी वाचावयास घेतले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत या चित्पावन कवीचा बाप्तिस्मा झाला.

ख्रिस्ती आणि हिंदू या दोन धर्मांची तुलना करताना एकीकडे एक देव आणि दुसरीकडे तेहतीस कोटी, असा जो ढोबळ हिशेब मांडला जातो तो आपल्या छत्तीसगडातच खोटा ठरलेला आहे. गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा त्यागून निर्गुण सतनामाचा उपदेश केला होता. त्यामुळे भूमी आयतीच नांगरलेली आहे अशा आशेने ऑस्कर लोर हा जर्मन मिशनरी १८६८ साली रायपूर प्रांतात आला व त्याने बिश्रामपूरचे ठाणे वसविले. काही कुटुंबे ख्रिस्ती झाली. बहुसंख्य सतनामी मात्र गुरुगादीशीच राहिले. ईश्वरविषयक कल्पना इतकी निकट असूनही जे अंतर उरले ते ईश्वराचे नव्हे, अधिकाराचे होते, असे माझे मत आहे.

ख्रिस्ती श्रद्धा एका ऐतिहासिक पुरुषावर, एकदाच घडलेल्या अवतारावर उभी आहे; म्हणूनच ती काय मानावे हे निश्चित करते, ३२५ साली निकाया येथे धर्मसभा भरवून त्याचा मसुदा ठरविते, आणि पोपला झुगारणारा प्रॉटेस्टंटही त्या जागी ग्रंथाची स्थापना करतो. हिंदूंचे अवतार युगायुगांत होतात, आणि कोणी सगुण मानो वा निर्गुण, कोणतीही सभा त्याचा जाब विचारीत नाही. तथापि यास निर्भेळ स्वातंत्र्य समजण्याचे कारण नाही. विचाराला मोकळीक देणारा हा समाज पंक्ती, पाणी आणि विवाह यांवर जातीची चौकी बसवितो. तुकोबांच्या अभंगरचनेच्या अधिकारालाही रामेश्वरभटाने आक्षेप घेतलाच होता. टिळकांनी दोन्ही सत्तांचा जाच सोसला: बाप्तिस्म्याने ते जातीबाहेर गेले आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून कित्येक वर्षे दुरावले, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगणाऱ्या या भक्ताला पुढे मिशनची चौकटही अपुरी वाटली, आणि १९१७ साली ती सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखेच स्थान होते. एवढे धैर्य आपल्याकडे फार थोड्या धर्मपुरुषांनी दाखविले आहे.

या दोन अधिकारांत १९६८ च्या मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य अधिनियमाने तिसऱ्याची भर घातली. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यास वर्दी द्यावी, असा दंडक त्याने घातला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावरील मुकद्दमा रायपूरनजीकच्या बलौदाबाजारातून उभा राहिला व सर्वोच्च न्यायालयात पोचला. १७ जानेवारी १९७७ रोजी न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निवाडा देऊन हा कायदा कायम केला. छत्तीसगडास तो राज्यनिर्मितीबरोबर वारशाने मिळाला. त्याची दृष्टी विधीपाशी थांबते. टिळकांच्या दरबारातील बाप्तिस्मा न घेतलेला शिष्य त्याला दिसणारच नाही, आणि आपला गुरू बदलणाऱ्या हिंदूची वर्दीही तो मागत नाही. बळजबरी व फसवणूक यांची चौकशी फौजदारी कायद्याने अवश्य करावी. मात्र सज्ञान माणसाच्या श्रद्धेची नोंद सरकारी दफ्तरात करविणारे कलम रद्दच व्हावयास हवे.