डोक्यापासून पायांपर्यंत

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराच्या दक्षिणेला, कॅम्प अ‍ॅटरबरी नावाची लष्करी छावणी आहे. ती १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. ज्यांचं नाव तिला दिलं ते विल्यम वॉलेस अ‍ॅटरबरी पेशाने सैनिक नव्हते. पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीत आयुष्य घालवलेला हा रेल्वेचा माणूस. १९१७ साली फ्रान्समध्ये अमेरिकी सैन्याची रेल्वे वाहतूक मार्गी लावायला त्यांना समुद्रापार पाठवलं आणि ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा आपल्या रेल्वेत परतले. मुलकी माणसांना युद्धभूमीवर जाण्यासाठी तयार करण्याचं काम पुढे याच छावणीकडे आलं, हे मला फार योग्य वाटतं.

मी तिथे गेले २०११ साली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात मी विजेच्या कामाची अभियंता. बंदूक कधी हाती धरलेली नाही, आणि प्रशिक्षणातही माझ्या गटाला ती दिली नाही. २००९ च्या जानेवारीत खात्याने एक आदेश काढून परदेशी मोहिमांवर जाऊ इच्छिणाऱ्या मुलकी कर्मचाऱ्यांचं एक वेगळं दल बांधलं होतं. त्यात मी नाव दिलं. अफगाणिस्तानातल्या तळांवरचं वायरिंग तपासायचं, असं माझ्या कामाचं स्वरूप होतं. त्यामागे एक दुःखद कारण होतं. २००८ साली इराकमध्ये एक सैनिक न्हाणीघरात विजेचा धक्का बसून गेला. अर्थिंग नीट नव्हतं. शत्रूच्या गोळीने नाही, नळाच्या पाण्याने. ती बातमी वाचल्यापासून मी अस्वस्थ होते. अर्थिंग तपासणं हे तर माझं रोजचं काम. मराठी मंडळातल्या मैत्रिणींनी विचारलं, "अगं, तुला काय पडलंय तिकडे जायचं?" तेव्हा मी त्यांना हीच बातमी सांगितली. त्या युद्धाबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं, माझ्या घरातसुद्धा. पण अंघोळीला गेलेला मुलगा जिवंत बाहेर यावा, याबद्दल कोणाचं दुमत असणार?

तयारी घरापासूनच सुरू झाली, आणि ती सुरू झाली सुईने. टायफॉइड, कावीळ, अँथ्रॅक्स आणि देवी. देवीची लस म्हटल्यावर मी डाव्या दंडावरचा जुना वण दाखवला. कराडला लहानपणी टोचून घेतलेली ती खूण. नर्सबाईंनी ती कुतूहलाने पाहिली, पण लस पुन्हा घ्यावीच लागली. दोन टोकं असलेली बारीक सुई औषधात बुडवून त्याच जागी भराभर पंधरा वेळा टोचतात. मग पुळी येते, खपली धरते, आणि खपली पडेपर्यंत ती जागा झाकून ठेवायची, कारण त्या पुळीतून दुसऱ्याला संसर्ग होऊ शकतो. माझा टॉवेल वेगळा, कपडे वेगळे. शेजारणीच्या तान्ह्या बाळाला मी दुरूनच पाहत होते. ज्या रोगाचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ साली सापडला, त्याची लस मला आयुष्यात दोनदा मिळाली. लहानपणी उन्हातान्हात दारोदार फिरून मुलांचे हात धरणाऱ्या त्या लस टोचणाऱ्यांचे आभार तेव्हा कोणी मानले होते का, कोण जाणे. आम्ही तर त्यांना पाहून पळत असू.

मग कागद. मृत्युपत्र, नवऱ्याच्या नावाने मुखत्यारपत्र, आणि एक फॉर्म ज्यात काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं ते लिहायचं. हा फॉर्म मला अवघड गेला. त्यात एक रकाना असा आहे की, प्रकृती बरी नसल्यामुळे ज्यांना थेट कळवू नये त्यांचं नाव लिहा, आणि त्यांच्याऐवजी कोणाला सांगायचं तेही लिहा. आईचं हृदय नाजूक. मी त्या रकान्यात आईचं नाव लिहिलं, आणि पुढे धाकट्या भावाचं. ज्याने कोणी हा रकाना छापला, त्याने कधीतरी एखाद्या म्हातारीच्या दारात उभं राहून ती बातमी सांगितली असेल, आणि परत असं होऊ नये असं त्याला वाटलं असेल. सरकारी फॉर्ममध्ये इतकी माया असू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईला मी काबूलला चालले आहे एवढं सांगितलं होतं, बाकी नाही. ती फोनवर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रामरक्षा म्हणत जा. संध्याकाळ चुकवू नकोस."

कॅम्प अ‍ॅटरबरीत बराकीतल्या दुमजली खाटांवर आमची सोय होती. माझ्या खालच्या खाटेवर कॅन्ससच्या बाजूची एक बाई होती, हिशेबतपासनीस. तिच्या चर्चच्या मंडळींनी तिला एक मोठा हिरवट-तपकिरी रुमाल दिला होता, आणि त्यावर बायबलमधलं एक्याण्णवावं स्तोत्र छापलेलं होतं. तिकडे सैनिकांना असे रुमाल भेट देण्याची पद्धतच आहे. संध्याकाळी ती रुमाल मांडीवर पसरून वाचे, आणि मी वर बसून पुटपुटे. एकदा तिने विचारलं, "तू काय म्हणतेस?" मी सांगितलं की हे एक मागणं आहे, आणि त्यात रामाच्या वेगवेगळ्या नावांनी डोक्यापासून पायांपर्यंत एकेक अवयव त्याच्या स्वाधीन केलेला आहे. तिला ते फार आवडलं. "म्हणजे काहीच सुटत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहित्य वाटपाच्या शेडमध्ये गेल्यावर तिचं हे वाक्य मला आठवलं. पहिल्या टेबलावर शिरस्त्राण. मग डोळ्यांसाठी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा, कानांसाठी बोळे, गळ्याभोवतीची पट्टी, खांद्यांवरचे भाग, छातीला आणि पाठीला सिरॅमिकच्या जड पाट्या, कुशींना छोट्या पाट्या, ओटीपोटाखाली झालर, गुडघ्यांना टोप्या, पायांत बूट. एकेका टेबलावर एकेक माणूस, आणि प्रत्येकाचं लक्ष माझ्या शरीराच्या तेवढ्याच भागाकडे. त्या रांगेतून पुढे सरकताना माझ्या मनात आपोआप श्लोक सुरू झाले, आणि क्रम जवळजवळ तोच होता. ज्या ऋषीने ते रचलं त्यालाही शरीराची हीच काळजी होती, आणि त्या टेबलामागच्या निवृत्त सार्जंटलाही. त्या क्षणी मला माझी श्रद्धा आणि ते गोदाम वेगळं करता आलं नाही, आणि करावंसंही वाटलं नाही.

या चिलखती अंगरख्याचं वजन पाट्यांसकट सुमारे चौदा किलो. बायकांच्या बांध्याचा अंगरखा तेव्हा अजून वापरात आला नव्हता; खांदे मोठे, कंबर ढगळ. सार्जंटने पट्टे सोडून पुन्हा बांधले, मला खाली बसवलं, उठवलं, हात वर करायला लावले. पाटी हृदयाच्या वर यायला हवी, पोटावर नाही, असं तो म्हणत राहिला. मग त्याने एक दोरी दाखवली. ती ओढली की सगळा अंगरखा सुटून खाली पडतो. पाण्यात पडलात तर, किंवा जखमेपर्यंत पोचायचं असेल तर. "ही दोरी कशी आली माहीत आहे का?" त्याने विचारलं, आणि उत्तर न देता पुढच्या माणसाकडे वळला.

उत्तर हळूहळू कळत गेलं. हमवी नावाच्या गाडीला बॉम्बपासून बचावासाठी चिलखत चढवलं, तेव्हा ती वरून जड झाली आणि कालव्याच्या कडेला कलंडू लागली. आतली मुलं उलटी लटकलेली, दार उघडेना, पाणी आत शिरतंय. त्यातून एक यंत्र जन्माला आलं. गाडीचा पुढचा डबा एका आडव्या आसावर बसवलेला, आणि तो गोल फिरतो. आम्हाला पट्टे लावून आत बसवलं आणि डबा कलायला लागला. एका ठरावीक कोनापलीकडे गाडी सावरत नाही. तो कोन अंगाला कळावा म्हणून आधी तिथेच थोडं थांबवतात. मग तिघांनी मिळून ओरडायचं, जवळच्या आधाराला घट्ट धरायचं, आणि जग उलटं होतं. सगळं रक्त डोक्यात. हात छताला, पाय पुढच्या फळीला, आणि मगच पट्ट्याचं बक्कल. आधी बक्कल सोडलं तर माणूस मानेवर पडतो. चढवलेल्या अंगरख्यासकट मी बाहेर सरपटत आले तेव्हा गुडघे थरथरत होते. शिकवणाऱ्याने पाठीवर हात ठेवून विचारलं, "तुझ्या शेजारचा बाहेर आला का?" मी मागे वळून पाहिलं नव्हतं. आम्ही परत आत बसलो.

रक्त थांबवण्याचा पट्टाही असाच. जखमेच्या वर बांधायचा, छोटी दांडी पिळत जायची, नाडी लागेनाशी होईपर्यंत. आणि वेळ लिहून ठेवायची. तो आम्ही स्वतःच्या हातापायांना बांधला, उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग अंधारात. दुखतं. दुखलं नाही तर नीट बांधला नाही असं समजायचं. या युद्धांच्या पहिल्या वर्षांत हा पट्टा प्रत्येकाजवळ नसे. हातापायांतून रक्त वाहून जी माणसं गेली त्यांतली कित्येक वाचू शकली असती, असं डॉक्टरांनी दाखवून दिलं, आणि २००५ च्या सुमारापासून तो प्रत्येक सैनिकाला मिळू लागला. म्हणजे माझ्या खिशातल्या त्या काळ्या पट्टीची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली होती. त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत.

त्यानंतर संध्याकाळी रामरक्षा म्हणताना माझं मागणं कमी होत गेलं. मला सांभाळ, असं म्हणताना जीभ अडखळे. ज्यांच्या मरणातून हे सगळे धडे तयार झाले, त्यांच्या आयांनीही कुठल्यातरी भाषेत हेच म्हटलं असणार. देवाने त्यांचं ऐकलं नाही आणि माझं ऐकावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी विश्वास सोडला नाही. पण त्या खाटेवर बसून मी आधी त्यांचे आभार मानू लागले. आजोबा सांगत, माणूस तीन ऋणं घेऊन जन्माला येतो, आणि त्यातलं ऋषींचं ऋण शिकून आणि शिकवून फिटतं. कालव्यात बुडालेला तो मुलगा माझ्यासाठी त्या ऋषींमध्ये जाऊन बसला.

गळ्यातल्या धातूच्या बिल्ल्यासाठी धर्म विचारतात. रक्तगटाच्या खाली तो कोरला जातो. मी सांगितला, कारकुनाने अक्षरं विचारून नीट टंकित केली, एवढंच. त्याच वर्षी कॅप्टन प्रतिमा धर्म या अमेरिकी सैन्यदलांच्या पहिल्या हिंदू चॅप्लेन, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरू, झाल्या. आमच्या छावणीतला चॅप्लेन ख्रिस्ती होता. त्याने मला विचारलं की प्रार्थनेसाठी काही लागतं का, शांत जागा वगैरे. मग त्यानेच कुरणातलं छोटं प्रार्थनाघर पाहायला सांगितलं. १९४३ साली इथे हजारो इटालियन युद्धकैदी होते. घरापासून इतक्या दूर, शत्रूच्या देशात, त्यांनी परवानगी मागून ते बांधलं आणि आत मेरीची, देवदूतांची चित्रं काढली. मी बूट बाहेर काढून आत गेले. सवयच ती. कैद्याला देवाकडे मागण्यासारखं खूप असतं, पण त्या चित्रांतले निळे-गुलाबी रंग पाहून मला वाटलं की त्यांनी आधी सुंदर काहीतरी करून दिलं, मागितलं असेल तर मग.

शेवटचा टप्पा मस्कटाटक इथे. सुमारे हजार एकरांत पसरलेली ही जागा १९२० पासून बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची सरकारी संस्था होती. २००५ साली ती इंडियाना नॅशनल गार्डकडे आली, आणि जुन्या इमारतींचं एक सरावाचं शहर झालं. तिथे अमेरिकेत स्थायिक झालेली अफगाण माणसं गव्हर्नर, ठेकेदार, गावचे वडीलधारे बनून बसत. माझ्या सरावात एका 'ठेकेदारा'ला मला सांगायचं होतं की त्याचं अर्थिंग चुकीचं आहे. मी थेट विषयाला हात घातला. ते पांढऱ्या दाढीचे चाचा शांतपणे चहा ओतत राहिले. सराव संपल्यावर ते हिंदीत म्हणाले, "बेटी, पहले घर का हाल पूछो." पेशावरला निर्वासित म्हणून राहताना ते हिंदी सिनेमे पाहून शिकले होते. त्यांनी मला छातीवर हात ठेवून नमस्कार कसा करायचा, चहाचा दुसरा पेला कधी घ्यायचा, आणि चारचौघांत कोणाची चूक का काढायची नाही, हे शिकवलं. आपला देश गमावलेला माणूस तिथे जाणाऱ्या परक्या बाईला त्याच्या घराचे रीतीरिवाज समजावत होता. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

निघायच्या आदल्या दिवशी पाठपिशव्या मैदानात मांडून शेवटची तपासणी झाली. हमवीच्या यंत्रावरचा तो शिकवणारा प्रत्येकासमोर थांबून एकच प्रश्न विचारत होता: पट्टा कुठे आहे, डाव्या हाताने दाखव. मी दाखवला. मी त्याचे आभार मानू लागले, तर तो म्हणाला, "आभार नकोत. तिकडे गेल्यावर आमचं जे चुकीचं निघेल ते लिहून पाठव. पुढच्या गटाला ते शिकवायचं आहे."

काबूलला पोचल्यावर मी लिहून पाठवलं. अंगरख्याच्या ज्या बाजूला आम्ही पट्टा लावायला शिकलो होतो, तिथे गाडीत बसल्यावर सुरक्षापट्टा नेमका त्याच्यावरून जातो आणि डावा हात तिथे पोचत नाही. उभं राहून सराव केला की हे कळत नाही, गाडीत बसवून करून घ्या, असं मी सुचवलं. आणि खाली, वायरिंग तपासणाऱ्या पुढच्या अभियंत्यासाठी, न्हाणीघरातलं पाण्याचं हीटर आधी बघ, बाकीचं नंतर, असं वेगळं लिहिलं.